मागनं येणारं पाणी

माझं अक्षर चांगलं आहे. कित्येक वर्षं मला त्याचा अभिमान होता, आता थोडी भीती वाटते. ऑफिसात हातानं भरायचा कुठलाही तक्ता आला की तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतो आणि मीही तो हौसेनं भरते. शिरोरेषा सरळ, रकान्याबाहेर एक वेलांटी जात नाही. सुबक अक्षरात लिहिलेलं चुकीचं असेल अशी शंका सहसा कुणाला येत नाही, आणि लिहिणारीला तर अजिबातच येत नाही.

मी उचगावात राहते आणि कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. मोठ्या पुरांनी आम्हाला धडा शिकवल्यावर नदीकाठच्या प्रत्येक गावाचा आपत्ती आराखडा करायचं काम आमच्याकडं आलं. पाणी कुठल्या वस्तीत आधी शिरतं, माणसं कुठल्या क्रमानं हलवायची, कुठल्या रस्त्यानं न्यायची, कुठं ठेवायची, हे सगळं पावसाळ्याआधी कागदावर हवं होतं. माझ्या वाट्याला पंचगंगेच्या काठचं एक गाव आलं. नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे आणि बोभाटा गावाचा व्हायचा.

पहिल्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये साहित्य तपासायला गेले. दोर होते, लाइफ जॅकेटं होती, आणि रबरी बोटीत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी तिला हुसकायला हात उचलला तसा शिपाई कळवळून म्हणाला, "बाई, तिला उठवू नगा. आठ दिसांत पिल्लं भाईर येत्यात." मी तक्त्यात लिहिलं, 'बोट एक, सुस्थितीत.' कोंबडीसाठी रकाना नव्हता.

गाव नदीच्या उंच दरडीवर आहे. समोर घाट, घाटाला लागून दोन गल्ल्या, मग मधलं गाव. गावाच्या पाठीमागं ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं चाळीस उंबऱ्यांची बौद्धवस्ती. ओढा आधी वस्तीच्या पाठीमागून वळसा घेतो आणि मग गाव नि वस्ती यांच्या मधून नदीकडं जातो. ओढ्यावर एक मोरी, म्हणजे नळ टाकून केलेला बुटका पूल. वस्तीतून बाहेर पडायला तेवढीच वाट. मोरी ओलांडून डावीकडं वळलं की चढण लागते आणि माळावरची मराठी शाळा येते. वस्तीतल्या लोकांचा निवारा मी तिथं धरला होता. घाटाकडच्या लोकांना मात्र दुसऱ्या बाजूला, हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयात न्यायचं होतं.

वस्तीत माहिती द्यायला कोण भेटेल असं विचारल्यावर सगळ्यांनी एकाच घराकडं बोट दाखवलं. तिथं मला मावशी भेटल्या. साठीच्या आसपास, उंच, आवाज असा की ओढ्याच्या अलीकडं ऐकू यावा. शाळेत पोरांची खिचडी त्याच शिजवायच्या. आत खाटेवर त्यांचे मालक होते. लकव्यानं एक बाजू गेलेली, पण नजर तरतरीत. त्यांनी मला बघून बऱ्या हातानं जयभीम घातला. त्या दोघांना मी मावशी आणि मामा म्हणू लागले ते त्या दिवसापासून.

मावशी सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी वहीत रकाना आखला आणि विचारलं, "मावशी, इथं पाणी कसं येतं?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "हितं पाणी मागनं येतंय की, बाई."

मी लिहिलं, 'या वस्तीत पाणी उशिरा येते.'

आमच्या बोलण्यात 'मागनं'चे दोन अर्थ होतात. 'तू हो पुढं, मी मागनं येतो' म्हटलं की नंतर. 'मागनं ढकललं' म्हटलं की पाठीमागून. या दोन्ही अर्थांत मी लहानाची मोठी झालेय, त्यामुळं भाषा कळली नाही असं म्हणायची सोय मला नाही. मावशी सांगत होत्या की पाणी वस्तीच्या पाठीमागून, ओढ्यातून येतं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत उतरत नाही, ते मागं फिरतं. घाटाच्या पायऱ्या अजून उघड्या असतात आणि इकडं वस्तीमागची शेतं गुपचूप भरायला लागतात. मोरी तर सगळ्यात आधी बुडते. हे सगळं त्यांच्या एका शब्दात होतं. पण माझ्या नकाशात नदीपासून सगळ्यात लांब तीच वस्ती होती. मी मनाशी उत्तर आधीच ठरवलं होतं, आणि त्यांच्या तोंडून तेवढंच ऐकलं.

मग क्रम लावला. घाटाकडच्या दोन गल्ल्या पहिल्या, मधलं गाव दुसरं, वस्ती शेवटी. दुसऱ्या एका तक्त्यात उचलून न्यावी लागतील अशी माणसं लिहायची होती, त्यात मामांचं नाव पहिलं लिहिलं. दोन्ही तक्ते एकाच फाइलीत होते. एक वर आणि एक खाली. ते शेजारी ठेवून बघावेत असं मला सुचलं नाही. साहेबांनी पानं चाळली आणि बाकीच्यांना म्हणाले, "असा आराखडा पाहिजे." मी त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं. तीन-चार दिवस पन्हाळ्यावरचा ढग हलला नव्हता. राधानगरी धरणाची दारं उघडल्याचं सकाळीच कळलं आणि साहेबांनी मला फाइल घेऊन गावात पाठवलं. पोचले तेव्हा गावचा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून उभा होता. चालवणारा गडी पन्नाशीचा, डोक्याला पोत्याची खोळ. मला बघून म्हणाला, "या पावणं, सांगा कुणाला उचलायचं."

मी फाइल उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझं सुंदर अक्षर दिसत होतं.

पहिली खेप भरत असतानाच मावशी आल्या. साडीचा ओचा खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. ट्रॉलीत चढणाऱ्यांना बाजूला सारत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, आदी आमचं घ्या. ट्रॅक्टर तिकडं लावा."

"मावशी, तुमचा नंबर शेवटी आहे."

"शेवटी? कुणी लावला?"

"तुम्हीच सांगितलंत ना, पाणी मागनं येतं म्हणून?"

"व्हय की! मागनंच येतंय! म्हणून तर सांगतोय!"

"मग वेळ आहे की तुमच्याकडं."

एकच शब्द आम्ही दोघी एकमेकींना ओरडून सांगत होतो, दोघींचं त्यावर एकमत होतं, आणि तरी भांडण चाललं होतं. पाऊस एवढा की दुसरं वाक्य बोलायला दम लागत होता. मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि बोटानं क्रम दाखवला. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. प्रत्येकालाच आधी जायचं असतं, म्हणून तर क्रम लावायचा असतो, असं मी मनात म्हणाले. मावशींनी कागदावर नजरसुद्धा टाकली नाही. "ऱ्हावू दे तुमचं कागूद," म्हणाल्या, आणि आल्या तशा चिखलातून परत गेल्या.

दुपारपर्यंत घाटाच्या दोन्ही गल्ल्या रिकाम्या झाल्या, मधल्या गावातली म्हातारी-कोतारीही निघाली. काम ठरल्याप्रमाणं चाललं होतं आणि मी खूश होते. घाटाची वरची पायरी अजून दिसत होती. मी ट्रॉलीत पुढं बसले आणि म्हटलं, "चला, आता शेवटची वस्ती."

मोरीजवळ ट्रॅक्टर थांबला. मोरी नव्हती. तिथं तांबूस, जाड पाणी होतं, वरून वाहतही नव्हतं, नुसतं फुगत होतं. त्याच्या पलीकडं वस्ती दिसत होती आणि घरांच्या उंबऱ्यांवरून पाणी आत गेलं होतं. मी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. मावशींचा फोन लावला, तो लागला नाही. पिशवीतून फाइल काढली तर नेमका तो दुसरा तक्ता वर आला. पहिलंच नाव मामांचं. पुढं माझ्याच अक्षरात, 'उचलून न्यावे लागेल.'

मी तिथंच ट्रॉलीची कड धरून उभी राहिले. तोपर्यंत मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळला होता. पाणी समोर होतं आणि ते कुठून आलं हे दिसत होतं. चाळीस घरं होती, आणि त्यांना थांबा म्हणून मी सांगितलं होतं. त्यांनी आडमुठेपणा केलेला असावा, माझं ऐकलं नसावं, माझा कागद फाडून फेकलेला असावा, एवढंच मी मागत होते. सरकारी कामात अशी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती.

ट्रॅक्टरवाला मात्र पाण्याकडं बघतच नव्हता. त्यानं मान उजवीकडं, माळाच्या दिशेनं वळवली होती. "बाई," तो म्हणाला, "साळंतनं धूर निघतोय न्हवं?"

मी चढण पळत चढले. दोनदा पडले. शाळेच्या फाटकाशी म्हशी बांधल्या होत्या, झेंड्याच्या खांबाला एक बैल होता, आणि व्हरांड्यात खाटेवर मामा होते. कोरड्या घोंगडीत, गळ्यापर्यंत गुंडाळलेले. मला बघून त्यांनी पुन्हा बऱ्या हातानं जयभीम घातला. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले.

मावशी आतून आल्या. शाळेची किल्ली त्यांच्या कमरेला होती. माझ्या आराखड्यात ती मुख्याध्यापकांकडं होती आणि मुख्याध्यापक राहायला शहरात होते. मावशी माझ्याकडून परत गेल्या त्या थेट वस्तीत. दारोदार जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं. मोरीवर पाणी घोट्याएवढं असताना चौघांनी मामांची खाट खांद्यावर घेतली. म्हशी पुढं, माणसं मध्ये, आणि सगळ्यात शेवटी मावशी. फळ्यावर त्यांनी खडूनं चाळीस रेघा मारल्या होत्या, एका घराला एक, आणि घर पुरं आलं की रेघेवर काट. मी प्रत्येक काट बोटानं मोजली. एकही रेघ सुटी नव्हती.

"रडाय काय झालं?" मावशी म्हणाल्या. "च्या घ्या. मागनं रडा."

मग त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि माझे दोन्ही खांदे धरून नदीकडं तोंड करून उभं केलं. "ही नदी. हे फुडं." मग माझ्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध थाप मारली. चांगली जोरात. "आन् हितनं येतंय. हे मागं. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं.

"आमाला कायबी मागनंच मिळतंय, बाई. नळ मागनं आला, रस्ता मागनं आला. मला वाटलं, ह्यांच्या कागदात बी तसंच असंल."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण राग होता, आणि तो रास्त होता. हे वाक्य मला पाठीवरच्या थापेपेक्षा जास्त लागलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण न करताही वस्तीचं नाव माझ्या हातून शेवटच्या ओळीतच गेलं होतं, आणि मला ते तिथं शोभतंय असं वाटलं होतं. एकदाही खटकलं नव्हतं. पितळेच्या पेल्यातला तो चहा मी दोन्ही हातांत धरून प्याले. त्यात साखर फार होती आणि आजतागायत मला तसा चहा कुणी दिलेला नाही.

पाणी उतरल्यावर कचेरीत बैठक झाली. सूचना नसताना एक वस्ती परस्पर कशी हलली, हा प्रश्न निघाला. वस्ती सुखरूप होती, त्यामुळं मी गप्प बसले असते तर विषय तिथंच मिटला असता. हे मला दिसत होतं आणि मोहही होत होता. पण पाठ अजून दुखत होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शब्द, तक्ता, मोरी, काहीच सोडलं नाही. साहेबांनी माझा तक्ता स्वतःपुढं ओढून घेतला. मग म्हणाले, "त्या बाईंना विचारून परत लिहा." मला त्यांचेही आभार मानायचे आहेत. ते ओरडले असते तर मी स्वतःचा बचाव करत बसले असते.

नवीन आराखडा मी टेबलावर लिहिला नाही. दिवाळीनंतर चार रविवार मी गावात गेले आणि मावशींच्या मागून चालले. त्या काठीनं दाखवत होत्या. ह्या बाभळीला पाणी लागलं की म्हशी सोडायच्या. ह्या दगडाला लागलं की खाट उचलायची. दगड बुडाला की मोरी तासाभराची सोबती. नदीच्या बंधाऱ्यावर मोजतात ती फुटांची पातळी आमच्या आराखड्यात होतीच, पण ती ऑफिसातल्या माणसाला कळते. बाभूळ सगळ्यांना कळते. मी दोन्ही लिहिलं. आणि मूळ तक्त्यात जिथं 'पाणी कसे येते' असा एकच रकाना होता, तिथं उभी रेघ मारून दोन केले, 'केव्हा येते' आणि 'कुठून येते'. पुढं आमच्या कचेरीतल्या बाकीच्यांनीही आपल्या गावांच्या तक्त्यांत ती रेघ मारून घेतली. माझ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ती एक उभी रेघ आहे, आणि ती मावशींची आहे.

माहिती देणाराची सही असा एक रकाना शेवटी असतो. मावशींनी पेन घेतलं, सगळं पान आधी वरपासून खालपर्यंत वाचलं, एका ठिकाणी 'डावीकडे'चं 'उजवीकडे' करायला लावलं आणि मगच सही केली. "अक्षर बेस हाय हो तुमचं," म्हणाल्या. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

यंदा पाऊस पुन्हा तसाच लागला. बाभळीला पाणी लागल्याचा मावशींचा फोन आला तेव्हा मी आधीच गावच्या वाटेवर होते. ट्रॅक्टर तोच, गडी तोच. या वेळी पहिली खेप वस्तीची. मोरी कोरडी होती. मामांची खाट ट्रॉलीत मधोमध ठेवली, कडेनं म्हाताऱ्या बसल्या, म्हशी आधीच माळावर पोचल्या होत्या. यादीवर मी एकेका घराला काट मारत होते. बोट शेडमधून बाहेर काढून तयार ठेवली होती आणि तिच्यात या खेपेला कोंबडी नव्हती.

तिसऱ्या खेपेला वस्ती रिकामी झाली. आम्ही दोघीच मोरीच्या तोंडाशी उरलो. ओढ्याचं पाणी वर चढताना दिसत होतं. मावशींना एकदा मागं फिरून सगळी दारं बघायची होती.

"व्हा फुडं तुमी," त्या म्हणाल्या. "मी मागनं येतो."

मी जागची हलले नाही. मागच्या वेळी हा शब्द मी न विचारता लिहून टाकला होता. या वेळी विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं मी ठरवलं. छत्री मिटली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मागनं म्हंजे कवा?" मी विचारलं.

मावशी हसल्या. दारं बघायचा विचार त्यांनी सोडून दिला असावा, कारण त्यांनी वस्तीकडं एकदा नुसती नजर फिरवली आणि वळून माझ्या जवळ आल्या. मला खांद्याला धरून माळाकडं तोंड करून उभं केलं. मग पाठीवर हात ठेवला, त्याच जागी, पण या वेळी हळू.

"कवा न्हवं, बाई. कुठनं, ते इचारा."

मी मोरीवरून चालू लागले. तो हात शाळेच्या फाटकापर्यंत माझ्या पाठीवर होता.